गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आणि ‘संप्रेरकांचे संतुलन’

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गर्भारपणातील संप्रेरकांवर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. विषय महत्त्वाचा आहे, भाषा सोपी आहे आणि हेतू चांगला आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र त्या लेखाचा सारा भर ‘संप्रेरके (हार्मोन) वाढतात, त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गर्भाला भरपूर रक्त मिळते’ या एका साखळीवर आहे, आणि तिच्याच आधारे ‘संप्रेरकांचे संतुलन राखा, रक्तपुरवठा आपोआप सुधारेल’ असा सल्लाही दिलेला आहे. या साखळीतली मधली कडीच गळलेली आहे. संप्रेरक रक्तात किती आहे हे कळल्याने फारसे काही कळत नाही. वाहिनीच्या भिंतीतील पेशींवर त्या संप्रेरकाला दाद देणारे ग्राही (रिसेप्टर) किती आहेत, कोणत्या प्रकारचे आहेत आणि पेशीच्या आत त्यांचा निरोप कुठवर पोचतो, यावर वाहिनी आकसणार की रुंदावणार हे ठरते. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडण्याची परवानगी घेतो.

आधी बदलाचे आकारमान पाहू. गर्भ नसताना गर्भाशयाला मिनिटाला साधारण ५० मिलिलीटरच्या आसपास रक्त मिळते, आणि दिवस भरत आले की हाच ओघ ५०० ते ८०० मिलिलीटरपर्यंत जातो, म्हणजे हृदयातून बाहेर पडणाऱ्या एकूण रक्ताचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग एकट्या गर्भाशयाकडे वळलेला असतो. या काळात हृदयातून बाहेर पडणारे एकूण रक्तच ३० ते ५० टक्क्यांनी वाढते हे खरे, पण तेवढ्याने दहा-पंधरा पटींचा हिशेब लागत नाही. तो लागतो वाहिन्यांच्या रुंदीने. नळीतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे इतर सर्व गोष्टी तशाच राहिल्या आणि त्रिज्या फक्त दुप्पट झाली, तरी प्रवाह १६ पट होऊ शकतो. एवढ्या ताकदीची कळ स्नायूंच्या एका पातळ थराच्या हाती आहे, आणि त्या थराला काय ऐकू यावे हे ग्राही ठरवतात.

इस्ट्रोजेनचे नाव आपल्या लेखात आले आहे, आणि ते यायलाच हवे होते. बीजांडकोष काढून टाकलेल्या मेंढीला इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन टोचले, तर पहिला अर्धा-पाऊण तास जवळपास काहीच घडत नाही. त्यानंतर गर्भाशयाचा रक्तप्रवाह चढू लागतो आणि दीड-दोन तासांत कित्येक पटींनी वाढून कमाल गाठतो. मधल्या या शांततेला अर्थ आहे. पेशीतील प्रथिननिर्मिती औषधाने थांबवली, तर पुढची वाढ होत नाही. याचा अर्थ असा की संप्रेरक स्वतः वाहिनी रुंदावत नाही, ते आपल्या ग्राहींमार्फत पेशीला नवी तयारी करायला लावते. वाहिनीच्या आतील अस्तरातील पेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) काम वाढते, हा वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरतो, तिथे चक्रीय जीएमपी नावाचा रेणू वाढतो, पेशीच्या आवरणातील पोटॅशियमच्या मोठ्या वाहिका (चॅनेल) उघडतात आणि स्नायू ढिला पडतो. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखली, तर इस्ट्रोजेनचा परिणाम बराच घटतो, पण पूर्णपणे नाहीसा होत नाही. तेव्हा याखेरीजही वाटा आहेत. प्रोजेस्टेरॉनचे वागणे त्याहून वेगळे आहे. एकटे दिल्यास ते हा प्रवाह वाढवत नाही, उलट मेंढ्यांवरील प्रयोगांत ते इस्ट्रोजेनचा परिणाम काहीसा दाबताना दिसते. ‘गर्भारपणाची संप्रेरके’ असे एका दमात म्हणून या दोघांना एकाच पारड्यात टाकता येत नाही ते यामुळेच.

आता इस्ट्रोजेनची पातळी हेच सर्वस्व असते, तर ती कमी असलेल्या प्रत्येक गर्भारपणात बाळाची उपासमार व्हायला हवी होती. मानवी वारेला इस्ट्रोजेन सुरुवातीपासून स्वतः बनवता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे एक विकर तिच्याकडे नसते. त्यामुळे कच्चा माल गर्भाच्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी पुरवतात, गर्भाचे यकृत त्यावर एक संस्कार करते आणि वार त्यापासून इस्ट्रिऑल हे इस्ट्रोजेन तयार करते. आईच्या रक्तवाहिन्यांना निरोप धाडण्याच्या या कामात बाळाचाही हात असतो, ही गोष्ट मला दर वर्षी शिकवताना नव्याने विलक्षण वाटत असे. काही गर्भारपणांत वारेतील सल्फटेज हे विकर जन्मजातच नसते आणि आईच्या रक्तातील इस्ट्रिऑल अतिशय खाली राहते. तरीही अशा बहुतेक बाळांची वाढ नीट होते. कळा सुरू व्हायला उशीर होणे ही तिथली नेहमीची अडचण असते. पातळी खाली आहे, मात्र रक्तपुरवठा कोलमडलेला नाही. ‘संतुलन’ हा शब्द इथे कोणत्या तराजूने लावायचा?

याहूनही बोलका पुरावा गायी-मेंढ्यांकडून मिळाला आहे. त्यांच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात आणि बहुधा त्यांपैकी एकातच गर्भ असतो. गर्भ रुजण्याच्या सुमारास, गायीत चौदाव्या ते अठराव्या दिवसाच्या दरम्यान, ज्या शिंगात गर्भ आहे त्याच बाजूचा रक्तप्रवाह वाढतो आणि रिकाम्या शिंगाचा वाढत नाही. दोन्ही शिंगांच्या धमन्यांत फिरणारे रक्त तेच, त्यातली संप्रेरकेही तीच. फरक पडतो तो गर्भाजवळच्या ऊतीत स्थानिक पातळीवर, वाहिनीच्या भिंतीची आकसण्याची तयारी बदलल्यामुळे. रक्ततपासणीच्या कागदावर हा फरक कधीच उमटणार नाही.

ज्या संप्रेरकाचा आपल्या लेखात उल्लेखही नाही, त्या अँजिओटेन्सिनबद्दल मला सर्वांत अधिक लिहायचे आहे, कारण ग्राहींचे महत्त्व इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. अँजिओटेन्सिन-२ हे शरीरातील अत्यंत प्रभावी असे वाहिनी आकसवणारे द्रव्य आहे, आणि गर्भारपणात ते घटवले जात नाही, वाढवले जाते. ते तयार होण्याची सुरुवात करून देणारे रेनिन हे विकर वाढते, यकृतातून येणारे त्याचे मूळ प्रथिन वाढते, आणि अखेरीस अँजिओटेन्सिनही वाढते. केवळ पातळी पाहणाऱ्याला प्रत्येक गर्भवतीचा रक्तदाब चढलेला असावा असे वाटेल. घडते उलटेच: निरोगी गर्भारपणात मधल्या महिन्यांत रक्तदाब नेहमीपेक्षा थोडा खालीच असतो. १९७३ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे नॉर्मन गँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींना गर्भारपणभर ठरावीक अंतराने अँजिओटेन्सिन शिरेतून देऊन रक्तदाब किती मात्रेला चढतो हे मोजले, तेव्हा निरोगी स्त्रियांना एरवीपेक्षा बरीच जास्त मात्रा लागत असल्याचे दिसले. ज्या स्त्रियांना पुढे उच्च रक्तदाबाचा त्रास झाला, त्यांच्यातील अँजिओटेन्सिनला होणारा हा प्रतिकार रक्तदाब प्रत्यक्ष चढण्यापूर्वी कित्येक आठवडे आधीच ओसरू लागला होता. संप्रेरक बदलण्यापूर्वी त्याला मिळणारी दाद बदलली होती, असा याचा सरळ अर्थ आहे.

ही दाद का बदलते, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. अँजिओटेन्सिनचे दोन मुख्य ग्राही आहेत. पहिल्या प्रकारचा ग्राही वाहिनी आकसवतो, तर दुसऱ्या प्रकारचा साधारणपणे त्याच्या विरुद्ध दिशेने काम करतो. मेंढीच्या गर्भाशयाच्या धमनीच्या स्नायूत या दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण मोठे आढळते, तर शरीरातील इतर बहुतेक धमन्यांवर पहिल्याचे वर्चस्व असते. त्याशिवाय अस्तरातून येणारे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन आकुंचनाला विरोध करत राहतात. प्रीएक्लाम्प्सियामध्ये, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्यावर जाऊन त्याबरोबर लघवीतून प्रथिन जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) यांवर परिणाम होणे अशा विकारात, हा सगळा तोल पुन्हा फिरतो. बर्लिन येथील संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवले की या विकाराच्या रुग्णांच्या रक्तात पहिल्या प्रकारच्या ग्राहीला चिकटून त्याला उत्तेजित करणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आढळतात. म्हणजे संप्रेरकाने दार ठोठावले नसतानाही आतून ओ दिली जात होती.

यावर कोणी म्हणेल की एकूणच गर्भाशयाच्या वाहिन्या गर्भारपणात सगळ्याच निरोपांना बधिर होतात, एवढाच निष्कर्ष घ्यावा. तसेही नाही. गाभण मेंढीला अँजिओटेन्सिन दिले, तर गर्भाशयाच्या वाहिन्या शरीरातील इतर वाहिन्यांच्या मानाने कमी आकसतात. पण ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांना दाद देणाऱ्या अल्फा प्रकारच्या ग्राहींना उत्तेजित करणारे द्रव्य दिले, तर त्याच वाहिन्या इतरांपेक्षा अधिक आकसतात. वाहिनी तीच, प्राणी तोच, महिनाही तोच, आणि दोन द्रव्यांना दोन वेगळी उत्तरे. याची शारीरिक उपयुक्तता कदाचित अशी असेल की मोठ्या रक्तस्रावाच्या प्रसंगी आईचा मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी गर्भाशयाचा पुरवठा झटपट कमी करण्याची सोय शिल्लक राहावी. हा माझा तर्क समजावा. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे मेथिलअर्गोमेट्रीन रक्तदाब वाढलेल्या स्त्रीला टाळतात, त्याच्याही मुळाशी हीच गोष्ट आहे: ते गर्भाशयाच्या स्नायूपुरते थांबत नाही, वाहिन्यांवरील ग्राहींनाही हाक मारते.

आपल्या लेखात सर्पिल धमन्यांचा उल्लेख एका ओळीत आला आहे आणि त्याही ‘संप्रेरकांमुळे सैल होतात’ असे म्हटले आहे. इथे मात्र दुरुस्ती आवश्यक आहे. वारेच्या खाली उघडणाऱ्या या बारीक धमन्यांत गर्भाच्या बाजूच्या पेशी शिरतात आणि तिथला स्नायूचा थर जवळजवळ पुसून टाकतात. १९६७ मध्ये ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी हे बदल तपशिलाने वर्णिले. स्नायूच उरला नाही, तर आकुंचनाचा निरोप कितीही जोराचा आला तरी तो घेणारे कोणी नसते, आणि म्हणूनच आईला क्षणिक भीती वाटली किंवा थंडी वाजली तरी वारेच्या तोंडाशी येणारा प्रवाह बराचसा स्थिर राहतो. हे रूपांतर अपुरे राहिले, तर या धमन्या अरुंद राहतात आणि त्यांच्यातला स्नायू पुन्हा संप्रेरकांच्या व मज्जातंतूंच्या हुकमतीखाली राहतो. पुढच्या घटना परिचित आहेत: वारेला प्राणवायू अनियमितपणे मिळतो आणि ती आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते. त्यांतील एक द्रव्य म्हणजे रक्तवाहिनीच्या वाढीला चालना देणाऱ्या घटकाचा ग्राहीच, पण पेशीपासून सुटा होऊन रक्तात तरंगणारा. अनंत करुमंची यांच्या बोस्टन येथील गटाने २००३ मध्ये दाखवले की हा सुटा ग्राही प्रीएक्लाम्प्सियात फार वाढतो आणि गाभण उंदरांना तो दिला असता त्यांचा रक्तदाब चढतो व लघवीतून प्रथिन जाऊ लागते. अस्तराला निरोगी ठेवणारे घटक तो वाटेतच पकडून ठेवतो. ग्राही पेशीवर असतो तेव्हा निरोप पोचवतो, आणि सुटा झाला की तोच निरोप अडवतो.

एवढे सगळे वाचकांच्या माथी मारण्याची गरज काय, असा प्रश्न आपल्याला पडेल. गरज अशी की पातळीवरून थेट उपचारावर उडी मारण्याची किंमत यापूर्वी मोजली गेली आहे. गेल्या शतकाच्या चाळीशीत डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात व गर्भारपणातील इतर गुंतागुंत टाळण्यासाठी दिले जाऊ लागले, ते संप्रेरकांची घटलेली पातळी भरून काढण्याच्या विचारातूनच. १९५३ मध्ये शिकागोतील चाचणीने त्याचा उपयोग होत नसल्याचे दाखवले, तरी ते दिले जात राहिले. १९७१ मध्ये या औषधाच्या संपर्कात आलेल्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे त्याला आळा बसला.

अधिक अलीकडचे उदाहरण तर तुमच्या लेखाच्या विषयाला अगदी खेटून आहे. सिल्डेनाफिल हे औषध नायट्रिक ऑक्साइडच्या वाटेवरील चक्रीय जीएमपी मोडणाऱ्या विकराला रोखते, तेव्हा वाढ खुंटलेल्या गर्भाच्या आईला ते दिल्यास गर्भाशयाच्या वाहिन्या रुंदावतील आणि बाळ वाढेल, ही कल्पना कागदावर निर्दोष होती. प्रत्यक्षात नेदरलँड्समधील चाचणी जुलै २०१८ मध्ये मध्यावरच थांबवावी लागली, कारण औषध मिळालेल्या गटातील काही नवजात बाळांच्या फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गंभीर बिघाड दिसला आणि ११ बाळे त्यामुळे दगावली असावीत असे मानले गेले. इतर देशांतील समांतर चाचण्यांतही अपेक्षित फायदा दिसला नाही. औषध गर्भाशयाच्या वाहिनीसाठी दिले होते, पण त्याचे लक्ष्य बाळाच्या फुफ्फुसांतही होते.

भूलशास्त्रातील धडा कमी दुःखद आहे, पण तितकाच शिकवणारा आहे. सिझेरियनसाठी मणक्यात भूल दिल्यावर आईचा रक्तदाब उतरतो आणि तो वर आणण्यासाठी औषध द्यावे लागते. १९७० च्या दशकात मेंढ्यांवरील प्रयोगांत एफेड्रीन गर्भाशयाचा रक्तप्रवाह इतर औषधांपेक्षा चांगला टिकवते असे दिसले, आणि त्यामुळे कित्येक वर्षे तेच पहिल्या पसंतीचे राहिले. फेनिलएफ्रीन अल्फा ग्राहींवर काम करून वाहिन्या आकसवते म्हणून ते टाळले जाई. पुढे स्त्रियांवर नीट चाचण्या झाल्या, तेव्हा एफेड्रीन मिळालेल्या आयांच्या बाळांच्या नाळेतील रक्त अधिक आम्लधर्मी असल्याचे आढळले, कारण ते वार ओलांडून बाळाच्या बीटा ग्राहींना उत्तेजित करते आणि त्याचा चयापचय वाढवते. आज फेनिलएफ्रीनसारखी औषधे पसंत केली जातात आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय एकमत निवेदनातही तशीच शिफारस आहे. मेंढीच्या धमनीवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा नव्हता. तो स्त्रीला आणि तिच्या बाळाला जसाच्या तसा लावणे चुकीचे होते. या पत्रात मीही मेंढ्यांचे दाखले भरपूर दिले आहेत, पण ते यंत्रणा समजून घेण्यापुरते. त्यांच्यावरून कोणाला गोळी सुचवण्याचे धाडस मी करणार नाही.

यावरून आपल्या पुरवणीकडे एक माफक अपेक्षा आहे. ‘अमुक संप्रेरकामुळे गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो’ अशी बातमी छापताना प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, धमनी शरीराबाहेर काढून तपासली की जिवंत शरीरात, मोठी धमनी होती की बारीक, आणि गर्भारपणाचा कोणता टप्पा होता, या चार गोष्टी दोन ओळींत द्याव्यात. जागा फारशी जाणार नाही. आणि ज्या स्त्रियांना प्रीएक्लाम्प्सियाचा धोका अधिक आहे, त्यांच्यासाठी काही सांगायचेच असेल, तर ज्याची मोठी चाचणी झाली आहे ते सांगावे: २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांच्या दरम्यान सुरू करून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले असता, दिवस भरण्यापूर्वी होणाऱ्या प्रीएक्लाम्प्सियाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हे केवळ तपासणीतून निवडलेल्या जास्त धोक्याच्या स्त्रियांसाठी होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, हेही त्याच वाक्यात यावे.

शेवटी एक तातडीची बाब. लेखालगतच्या चौकटीत ‘आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ती गर्भारपणातही तशीच चालू ठेवावी’ असे सरसकट छापले आहे. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येते, ती अँजिओटेन्सिनची निर्मिती किंवा त्याचा पहिल्या प्रकारचा ग्राही रोखतात. आईच्या वाहिन्यांना ते सोसते, पण गर्भाच्या मूत्रपिंडांची वाढ आणि लघवी तयार होणे याच ग्राहीवर अवलंबून असते. चौथ्या महिन्यापासून पुढे ही औषधे चालू राहिली तर गर्भजल आटणे, फुफ्फुसांची वाढ खुंटणे आणि मूत्रपिंडे निकामी होणे असे परिणाम होऊ शकतात. अशी गोळी घेणाऱ्या स्त्रीने ती मनाने एकदम बंद करून रक्तदाब मोकाट सोडू नये, तसेच ‘चालू ठेवा’ या सल्ल्यावर विसंबूही नये; गर्भधारणेचा विचार सुरू होताच, आणि ती आधीच झाली असल्यास लगेच, डॉक्टरांना भेटून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मेथिलडोपा यांसारखा पर्याय सुरू करून घ्यावा. ही दुरुस्ती पुढच्याच अंकात, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक चौकटीत छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
शरीरक्रियाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक